दिवस गेलेल्या बाईची रात्र

एरवी आपली गाठ पडते ती कांद्याचा करपा, हरभऱ्यावरची घाटेअळी, नाहीतर ठिबकच्या अनुदानाचे कागद या निमित्ताने. आजचा विषय पाहून काहीजण म्हणतील, भाऊसाहेब, हे तुमचं काम नव्हे, हे आशाताईंचं आणि नर्सबाईंचं काम. मान्य आहे. पण मला जे सांगायचे आहे ते दवाखान्यात घडत नाही. ते कांद्याच्या वाफ्यात घडते आणि तेही मध्यरात्री. तेव्हा शेतीखात्यातल्या माणसाने त्यावर चार शब्द बोलले तर बिघडू नये.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. येवला तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका वस्तीवर शेततळ्याच्या कामासाठी गेलो होतो. बोलण्याबोलण्यात उशीर झाला, जेवण झाले, निघायला रात्रीचे अकरा वाजून गेले. बांधाने येताना उन्हाळ कांद्याच्या रानात एक बॅटरी हलताना दिसली. जवळ गेलो तर त्या घरची सून. डोक्याला पट्ट्याची बॅटरी, हातात फावडं, पाय चिखलात. सातवा महिना सहज दिसत होता. नवरा तिकडे विहिरीवर स्टार्टरशी झगडत होता. मी म्हणालो, "ताई, तुम्ही कशाला आलात या वेळेला?" ती म्हणाली, "मंग कोण येणार भाऊसाहेब? या आठवड्यात लाईट रातचीच हाय. मामांना दिसत नाही. मोटर सारखी बंद पडती, हे तिकडं थांबले तर इकडं दारं कोण धरील?"

गाडी चालवताना मला तिच्या पाय घसरण्याची काळजी वाटली, सापाची वाटली, थंडीची वाटली. रात्रीच्या जागरणाची आणि उजेडाची काळजी करावी हे डोक्यातही आले नाही. पुढे तिचे बाळंतपण दिवसांआधी झाले. मुलगी दोन किलोच्या आतली, नाशिकला नेऊन पेटीत ठेवावी लागली. आता आधीच सांगतो, त्याचा दोष मी त्या एका रात्रीला देत नाही. दिवसांआधी बाळंतपण व्हायला दहा कारणे असतात, आणि एका घरातल्या एका गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये हे आम्ही तुम्हाला बियाण्याच्या बाबतीत नेहमी सांगतोच. पण त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि जे वाचले ते आपल्या गावाला कोणी सांगितलेले नाही असे मला वाटते.

सुरुवात आपल्या ओळखीच्या पिकापासून करू. कांद्याचे रोप खाली गड्डा कधी धरते? तुम्ही म्हणाल, खतपाणी मिळाले की. हे अर्धेच खरे आहे. कांद्याच्या पातीला दिवस किती तासांचा चालला आहे हे कळते. आपल्या एन-५३, बसवंत-७८०, एन-२-४-१ या जाती आखूड दिवसाच्या. अकरा-बारा तासांचा दिवस मिळाला की त्या पोसायला लागतात. युरोपातल्या जातींना चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. तिकडचे बी आणून येवल्यात टाका, नुसती पात वाढेल, कारण आपल्याकडे भर जूनमध्येसुद्धा दिवस साडेतेरा तासांच्या पुढे जात नाही. शेवंती तर याहून हट्टी. पॉलिहाऊसवाले रात्री बल्ब लावून तिचे फूल लांबवतात, म्हणजे मधल्या रात्रीच्या थोड्या उजेडाने झाड फसते.

जनावरांचेही तेच. पोल्ट्रीवाल्यांना हे पाठ आहे. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा तास उजेड देतात, पण तलंगा वाढीच्या वयात असताना उजेड वाढवला तर त्या वयाआधी अंड्यावर येतात, अंडी बारीक पडतात आणि काहींचे अंग बाहेर येते. म्हैस दिवस लहान होऊ लागल्यावर जास्त करून माजावर येते. रात्र लांबली हा निरोप म्हशीच्या शरीराला देणारे एक द्रव्य आहे. त्याचे नाव मेलाटोनिन. १९५८ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एरन लर्नर यांनी ते गाईगुरांच्या मेंदूतल्या पिनियल नावाच्या बारक्या ग्रंथींतून वेगळे काढले. आणि हेच द्रव्य, दुसरे तिसरे नव्हे, बाईमाणसाच्याही अंगात रात्री तयार होते.

माणसाच्या मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वरच्या अंगाला एक घड्याळ आहे. झोप, भूक, अंगाचा ताप, साखर, रक्तदाब हे सगळे त्या घड्याळाप्रमाणे चोवीस तासांत खालीवर होते. नुसत्या मेंदूतच नव्हे, जवळजवळ प्रत्येक पेशीत असे घड्याळ असते. ते चालते कसे हे फळमाशीवर शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचे नोबेल मिळाले. हे घड्याळ रोज लावावे लागते, आणि ते लावण्याची किल्ली म्हणजे डोळ्यांत जाणारा उजेड. सकाळी उन्हाचा उजेड मिळाला की घड्याळ जुळते. रात्री अंधार पडला की मेलाटोनिन पाझरू लागते. रात्री डोळ्यांत झगझगीत उजेड गेला की ते पाझरणे आखडते. माणसातही असे होते हे १९८० साली दाखवून दिले गेले. त्यातही पांढरा-निळसर उजेड जास्त मारक. आताचे एलईडी दिवे, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या आणि मोबाईलचा पडदा यांचा उजेड बहुतेक त्याच जातीचा असतो.

उजेड मोजायचे माप लक्स. भर दुपारच्या उन्हात ते लाखाच्या आसपास जाते. झाडाच्या सावलीतही काही हजार असते. घरातल्या ट्यूबखाली शे-दोनशे, मेणबत्तीपासून एका मीटरवर एक, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एकाचा तिसरा हिस्साही नाही. हजारो वर्षे माणसाने दिवसा हजारो लक्स आणि रात्री एकाच्या आत, असे काढले. आपण दिवसा ओसरीच्या आत आणि रात्री ट्यूबखाली बसून हा फरक पुसत आणला. शेतातल्या माणसाचा दिवस अजून शाबूत आहे, ही आपली जमेची बाजू. बिघडली आहे ती रात्र.

आता पोटातल्या बाळाकडे येऊ. गरोदरपणात आईच्या अंगातले मेलाटोनिन महिन्यागणिक वाढत जाते आणि शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असते. ते वारेतून सरळ बाळापर्यंत पोचते. बाळाला स्वतःचे मेलाटोनिन रात्रीच्या वेळेला नीट तयार करता येत नाही, जन्मल्यावर दोन-तीन महिने गेल्यावर ते जमू लागते. तोवर पोटातल्या अंधारात बाहेर दिवस आहे की रात्र हे त्याला कळते ते आईच्या अंगावरूनच. १९८३ साली स्टीव्हन रेपर्ट आणि विल्यम श्वार्ट्झ या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर हे दाखवले की पोटातल्या पिल्लाच्या मेंदूतले घड्याळ आईच्या घड्याळाला जुळवून चालते. आईचे घड्याळ म्हणजे मुख्य कालवा आणि बाळाचे म्हणजे चारी. वर आवर्तन विस्कटले तर खाली कधी पाणी येईल याचा भरवसा राहत नाही.

मग आईचे घड्याळच बिघडवले तर? चिलीतल्या शास्त्रज्ञांनी गाभण उंदरिणींना गाभणकाळाच्या उत्तरार्धात अखंड उजेडात ठेवून पाहिले. पोटात पिल्लांची वाढ खुंटली आणि त्यांच्या अंतर्ग्रंथींची लय बिघडली. त्याच उजेडातल्या माद्यांना रात्रीच्या वेळेला मेलाटोनिन दिले तेव्हा बिघडलेले बरेचसे पूर्वपदावर आले. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. उंदीर रात्री हिंडणारा प्राणी, आपण दिवसा. म्हणून बायांचे आकडेही पाहू.

डेन्मार्कमध्ये २२,७४४ गरोदर बायांच्या कामाच्या वेळांची नोंद घेऊन अभ्यास झाला, २०१९ साली तो छापून आला. सरकारी नोकरीतल्या बाया, त्यात दवाखान्यांत काम करणाऱ्या पुष्कळ. ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केल्या त्यांच्यात पुढच्या आठवड्यात गर्भपाताचे प्रमाण, रात्रपाळी न केलेल्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त निघाले. हा आठव्या आठवड्यानंतरचा हिशेब आहे. घाबरून जाऊ नका, मुळात त्या काळात गर्भपाताचे प्रमाण थोडे असते, थोड्याचे बत्तीस टक्के म्हणजेही थोडेच. पण गावात शंभर बाया असतील तर त्या थोड्यात कोणाची तरी लेक-सून असतेच. त्याच वर्षी जगभरचे ६२ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यातही रात्रपाळी आणि बदलत्या पाळ्या करणाऱ्या बायांत दिवसांआधी बाळंतपण जास्त दिसले, आणि बदलत्या पाळ्यांत रक्तदाब वाढणे व बाळ लहान राहणे हेही जास्त दिसले. २०२३ साली अमेरिकेतल्या ७४१ गरोदर बायांच्या मनगटाला उजेड मोजायचे यंत्र बांधून पाहिले. झोपेआधीच्या तीन तासांत ज्यांच्या वाट्याला जास्त उजेड आला त्यांच्यात गरोदरपणातली साखर जास्त आढळली. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्लुकोजचे पाणी पाजून तपासतात ती हीच साखर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रात्रपाळीच्या बाईचा नुसता उजेडच बिघडत नाही. झोप मोडते, जेवणाची वेळ चुकते, अंग शिणते. यातले किती उजेडाचे आणि किती शिणवट्याचे, हे या अभ्यासांतून वेगळे काढता येत नाही. पण आपल्या बाईच्या बाबतीत वेगळे काढायची गरजच काय? रात्री पाणी भरणाऱ्या बाईच्या वाट्याला हे सगळेच एकदम येते. वर ती सकाळी परत शेण, दूध, भाकरी आणि दुपारी निंदणी.

शिणवट्याचे तर आपल्याच राज्यातले पुरावे आहेत. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने गरोदर बायांचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या ७९७ बायांच्या रोजच्या कामाचा हिशेब २००३ साली प्रसिद्ध झाला. विहिरीवरून पाणी वाहणे, धुणे, शेतातले काम ही कष्टाची कामे जास्त करणाऱ्या बायांची बाळे जन्मताना लहान निघाली. वजन कमी, डोक्याचा घेरही कमी. तो अभ्यास उजेडाचा नव्हता, कामाचा होता. पण ती खेडी आपल्यासारखीच, बाया आपल्यासारख्याच. ज्यांना डेन्मार्क-अमेरिकेचे आकडे परके वाटतात त्यांनी हा घ्यावा.

इथे एक म्हातारी मला हमखास अडवते. "आरं बाबा, आम्ही पहाटं उठून दळत होतो, आमची पोरं नाही का जगली?" आजी, पहाटे चारला उठत होता हे खरं, पण रात्री आठ-नऊला अंथरुणावरही पडत होता. आणि जात्यापाशी असायची ती चिमणी, तिचा उजेड एका लक्सच्या आसपास, तोही पिवळा. तुमच्या रात्रीला अंधार होता. शिवाय किती पोरं जगली नाहीत तेही तुम्हीच मला सांगितलेलं आहे.

सुईणींनाही रात्रीचे हे गणित ठाऊक होते, फक्त नाव माहीत नव्हते. कळा रात्रीच का सुरू होतात? इंग्लंडमध्ये २००५ ते २०१४ या काळातली लाखो बाळंतपणे तपासली तेव्हा आपोआप होणारी बाळंतपणे पहाटे चारच्या सुमाराला सर्वांत जास्त निघाली. गर्भाशयाला कळा देणारे जे द्रव्य आहे त्याला मेलाटोनिन जोर देते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

आणि ग्रहण! यावर बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान सूर्यग्रहण होते. त्या दिवशी कितीतरी घरांत गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवले, विळी-सुरीला हात लावू दिला नाही, पाणीसुद्धा दिले नाही. ग्रहणाने पोटातल्या बाळाला काही होत नाही. उघड्या डोळ्याने सूर्याकडे पाहू नये, एवढेच पथ्य, आणि ते सगळ्यांनाच आहे. पण गंमत पाहा, तीन तासांच्या सावलीचे वेध पाळणारे तेच घर त्याच सुनेला त्याच आठवड्यात रात्री बाराला वाफ्यात उभे करते. उजेड-अंधाराचा गरोदर बाईशी संबंध आहे, ही जुन्या माणसांची शंका अगदीच खोटी नव्हती. आपण ती चुकीच्या दिवशी पाळली.

आता रात्रीच्या पाण्याविषयी. शेतीपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी चक्राने देण्याची पद्धत आपल्या राज्यात वर्षानुवर्षे चालत आली. पालखेड डाव्या कालव्याचे आवर्तन तर रात्रंदिवस चालते, पाळी मध्यरात्री आली की मध्यरात्री उठायचे. दिवसा वीज द्या म्हणून आंदोलने झाली. २०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात दिवसा दहा तास विजेसाठी ठिय्या दिला होता. अशा वेळी बोलणे निघते ते सापाचे, बिबट्याचे, गव्याचे, थंडीत काकडून मरण्याचे. ते सगळे खरेच आहे. पण निवेदनात गरोदर बाईचे कारण घातलेले मी अजून वाचले नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने बायांना रात्री कामावर ठेवण्यावर बंधन घातले होते. शेताला तसले बंधन कधीच नव्हते, कारण शेतातल्या बाईला कोणी कामावर ठेवलेले नसते, ती घरचीच असते.

मार्ग काय? पहिला तर साधा आहे. घरात कोणाला दिवस गेले की तिचे नाव रात्रीच्या पाण्यातून काढायचे, पहिल्या महिन्यापासून बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत. दीर, सासरा, शेजारी, पैरेकरी, कोणीही दारं धरील. कांदा लागवडीला पैरा चालतो, मग पाण्याला का चालू नये? दुसरा मार्ग शेततळ्याचा. आपल्या तालुक्यात कागद टाकलेली शेततळी आता बरीच आहेत. रात्रीच्या विजेवर विहिरीतून शेततळे भरायचे आणि दिवसा तिथून ठिबकने पाणी द्यायचे. मोबाईल स्टार्टर बसवला की रात्री माणूस उभे करायची गरज कमी होते. मात्र आपोआप चालू होणारे ऑटो स्विच सगळ्यांनी लावू नका. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते, मग पंधरा दिवस दिवसाही नाही आणि रात्रीही नाही. कपॅसिटर बसवा, हे मी दर मेळाव्यात सांगतो आणि दर मेळाव्यात लोक मान डोलावतात.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, तुमच्यासाठीही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीच्या फीडरला सौर प्रकल्प जोडून दिवसा वीज द्यायची, असा तिचा हेतू. खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये हा दर त्या टप्प्यात ठरवला गेला. गावात पडीक गायरान असेल आणि उपकेंद्र जवळ असेल तर ठराव करून पाठपुरावा करा. ठरावात कारणे लिहिताना साप आणि बिबट्याच्या जोडीला गरोदर बायांचे रात्रीचे जागरण हेही कारण लिहा. आशाताईकडे गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद असते. ती नोंद पाण्याच्या पाळीपत्रकाशी ताडून पाहायला अर्धा तास लागतो. ज्या घरात गरोदर बाई आहे आणि दुसरे कर्ते माणूस नाही, त्या घराला दिवसाची पाळी द्या. पाळ्या गावाने ठरवता येतात हे आपल्याच जिल्ह्यात वाघाडच्या पाणी वापर संस्थांनी दाखवून दिलेले आहे.

येवला शहरात आणि नागड्यासारख्या गावांत बाईची रात्र शेतात नव्हे, मागावर जाते. पैठणीच्या पदरावरचा मोर विणायचा तर तार न् तार दिसली पाहिजे, म्हणून डोक्यावर ट्यूब अगदी जवळ टांगलेली असते. लग्नसराईच्या ऑर्डरी असल्या की रात्रीचे बारा. माग असतो आतल्या खोलीत, म्हणजे दिवसाही ऊन नाही. शेतकरीण दिवसभर उन्हात तरी असते, हिचा दिवसही अंधुक आणि रात्र लख्ख, अगदी उलटे. माग हलवणे सोपे नाही हे मला कळते. पण सकाळी तासभर अंगणात बसणे, जमेल तितके काम दिवसा उरकणे आणि संध्याकाळी जेवणानंतर गरोदर बाईने मागावर न बसणे, एवढे व्यापाऱ्याशी मुदत ठरवताना धरता येईल. एक पैठणी आठ दिवस उशिरा गेली तर लग्न मोडत नाही.

घरातले थोडक्यात सांगतो. झोपायच्या आधीचे दोन-तीन तास मोठी ट्यूब बंद, छोटा पिवळा बल्ब चालू. मोबाईल गादीवर नको. मालिका लवकर आटपा (हे सासूबाईंनाही लागू). रोज एकाच वेळी झोप, आणि सकाळी उजेडात हिंडणे-फिरणे. पण याचा अर्थ बाईला अंधारात चाचपडत ठेवा असा काढू नका. रात्री लघवीला उठावे लागते, दिवस भरत आले की जास्तच. तेव्हा दिवा लावायचाच, चप्पल घालायची, सोबत न्यायची. साप चावण्यापेक्षा थोडा उजेड केव्हाही परवडला. दोन-चार जागरणे झाली म्हणून बाळाचे वाईट होईल अशी धास्तीही घ्यायची नाही. बिघडते ते रोजच्या रोज, महिनोन्महिने झाले म्हणजे. मेलाटोनिनच्या गोळ्या मिळतात असे ऐकून कोणी मेडिकलमध्ये जाऊ नये, गरोदरपणात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कसलीच गोळी नको. आणि ज्या नर्सताई, पोलीसताई रात्रपाळी करतात त्यांना नोकरी सोडायला सांगायला कोणी हा कागद पुढे करू नये. दिवस असेतोवर दिवसपाळी मागण्यासाठी करावा.

बाळंतिणीच्या खोलीचेही एक. आपण ती दिवसभर खिडक्या लावून, धुरी देऊन काळोखी ठेवतो, आणि रात्री बाळ रडते म्हणून ट्यूब लावून बसतो. बाळाने दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस केला असे मग म्हणतो. त्याचे घड्याळ अजून जुळलेले नसते, त्याला आपणच जुळवून द्यायचे. दिवसा खिडकी उघडी, वारे थेट अंगावर येऊ न देता उजेड आत. रात्री मंद दिवा, त्यातच दूध पाजणे. रात्रीच्या आईच्या दुधात मेलाटोनिन असते, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसते. दिवसांआधी जन्मलेल्या बाळांना याची जास्त गरज असते. मेक्सिकोत अशा बाळांच्या डोक्यावर रात्री झाकण ठेवून अंधार केला, तेव्हा सतत उजेडात ठेवलेल्या बाळांपेक्षा त्यांचे वजन लवकर भरले आणि त्यांना घरी लवकर सोडता आले. हे २०१४ सालचे काम.

परवा त्या वस्तीवर पुन्हा गेलो होतो. ती मुलगी आता अंगणात कोंबड्यांमागे धावते. शेततळे झाले आहे, दोन एकरांवर ठिबक आहे. नवरा म्हणाला, "रातचं जागरण वाचलं भाऊसाहेब." यंदा त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोला पाचवा महिना आहे, आणि पाण्याला तिला न्यायचे नाही असे घरात ठरल्याचे त्याने आपणहून सांगितले. त्या शिवारात मोबाईलला रेंज मात्र नसते, त्यामुळे स्टार्टर उठला की नाही हे बघायला रात्री एकदा विहिरीवर जावेच लागते. ते तो जातो.